दाराचा रंग काढताना

तलासरीला माझा थोरला भाऊ पंपाच्या मोटरी दुरुस्त करतो. वायरीच्या जोडावर चढवलेली प्लास्टिकची नळी आवळून बसावी म्हणून तो गरम हवेची गन वापरतो. ती मी गेल्या मे महिन्यात मागून घेतली. डहाणूतल्या आमच्या घराच्या पुढच्या दारावर ऑइलपेंटचे इतके थर साचले होते, की दार लावताना खांदा द्यावा लागे.

दादा एसटीने गन घेऊन आला आणि तासभर बोलला. साडी सुती हवी, खिडक्या उघड्या, नाकाला मास्क. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून खपल्या झाडायच्या नाहीत, ओल्या फडक्याने गोळा करायच्या. गन एका जागी धरून ठेवायची नाही, फिरवत राहायची. मी मान डोलवत होते. मिस्टरांनी मात्र सगळं मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पाण्याची बादली भरून ते शेजारी खुर्ची टाकून बसले. तीस वर्षं चुलीपासून गॅसपर्यंत सगळं मीच हाताळलं होतं, त्यामुळे मला ते जरा लागलं.

काम छान चाललं. रंगाला पापडासारखे फोड येत आणि तो पत्तीने सहज निघे. हिरव्याखाली निळा होता, निळ्याखाली कुणालाच न आठवणारा तपकिरी. चौकटीच्या कोपऱ्यात मात्र रंग हटेना, म्हणून मी झोत तिथेच धरला.

थोड्या वेळाने कागद जळल्यासारखा वास आला. चौकट आणि भिंतीमधल्या फटीतून बारीक धूर निघत होता. सासऱ्यांनी मुंग्या येऊ नयेत म्हणून ती फट रद्दीने बुजवून वर सिमेंट लिंपलं होतं, हे मी विसरले होते. मी चालू गन एका हातात ठेवूनच बादलीकडे वळले.

"आधी पिन काढ," मिस्टर म्हणाले. चहा मागावा त्याच आवाजात.

मी पिन काढली. गन फरशीवर ठेवली. मग त्यांनी मगाने सावकाश पाणी ओतलं. धूर थांबला आणि पाच मिनिटांनी खालून पुन्हा निघाला. दादाला फोन केला. तो म्हणाला, फट फोडा, आतली रद्दी बाहेर काढा. स्क्रू ड्रायव्हरने उकरल्यावर काळा बोळा निघाला. त्याच्या कडा अजून लाल होत्या.

संध्याकाळपर्यंत आम्ही आळीपाळीने चौकटीला तळहात लावून पाहत होतो. शेजारच्या काकूंनी विचारलं, काय चाललंय.

"दाराला ताप आहे," मिस्टर म्हणाले.

 

उरलेला रंग मी पाणी लावून पॉलिशपेपरने घासून काढला. त्यात नऊ दिवस गेले. दादा गन न्यायला आला तेव्हा काळा पडलेला कोपरा बराच वेळ बघत उभा राहिला. किती वेळ धरली होतीस, त्याने विचारलं. मी म्हटलं, मिनिटभर. मिस्टर खिडकीबाहेर बघू लागले.