जागा बदला, मग बोला

वडगावात आप्पासरांचं घर शोधत मी पहिल्यांदा गेले, तेव्हा सगळ्या गल्लीत विणकरांच्या मागांची खटखट चालू होती. प्रा. दत्तात्रय कुडचीकर, म्हणजे गणिती तर्कशास्त्राचे मोठे अभ्यासक आणि आमचे आप्पासर, सोप्यात चटई अंथरत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "धर गं त्ये टोक." आमची ओळख झाली ती अशी.

दर शनिवारी त्या चटईवर आम्ही विद्यार्थी जमायचो. सिद्धता शोधणारे सिद्धतावाले खिडकीशी, गृहीतकं खरी ठरतील अशी जगं बांधणारे प्रतिमानवाले भिंतीशी, संचवाले किटलीजवळ. प्रत्येकाला आपल्या शाखेचा कोण ताठा! सर मध्येच म्हणायचे, "जागा बदला." मग दुसऱ्याच्या जागी बसून त्याचाच प्रश्न आपल्या शब्दांत मांडायचा. नाही जमलं तर चहा नाही. सर वादात कधी चिडले नाहीत, चहाच्या बाबतीत मात्र निर्दय होते.

मी सिद्धतावाली. काही गृहीतकांवरून एक विधान सिद्ध करायचं, एवढाच माझा प्रबंध. वर्षं गेली, सिद्धता हाती लागेना. आपलीच अक्कल कमी, अशी माझी खात्री झाली. घरी निपाणीला गेले, तेव्हा वडील म्हणाले, "न्हाय जमत तर सोड की. रडत कशाला बसायचं?" मी सोडलंच. त्याच रविवारी सर बसनं निपाणीला येऊन आमच्या दारात उभे.

वडिलांना म्हणाले, "अण्णा, पोरगी हुशार हाय. एकाच जागी लई बसलीया, एवढंच." मग माझ्याकडे वळले. "सिद्धता शोधू नगस. गृहीतकं सगळी खरी, पण तुझं विधान खोटं, असं एक जग बांध बघू. त्ये उभं राहिलं, तर सिद्धता न्हाईच म्हणायची."

म्हणजे प्रतिमानवाल्यांच्या भिंतीशी बसायचं! मी बसले, आणि तसं जग खरंच उभं राहिलं. जी सिद्धता नव्हतीच, तिच्यासाठी मी स्वतःला मठ्ठ ठरवलं होतं. प्रबंध पुरा झाला. तर्कशास्त्राच्या शाखा एकमेकींच्या कशा उपयोगी पडतात, यावरच्या सरांच्या लेखनाविषयी या गौरव अंकात जाणकार लिहितीलच. मला ते त्या चटईवर कळलं, आणि त्यानंच मला सावरलं.

गेल्या शनिवारी सरांच्या पंच्याहत्तरीचे पेढे घेऊन गेले. चटईवर बसणार, तोच सर फळ्याजवळच्या आपल्या शिकवायच्या खुर्चीतून उठले. "जागा बदला."

"सर, तिथं न्हाय बसायची मी."

"मग चहा न्हाय."

मी बसले. सर गुडघा सावरत खिडकीशी, माझ्या जुन्या जागी बसले आणि म्हणाले, "हं, शिकवा आता." मी फळ्याजवळचा खडू उचलला.

सर, आपले गुडघे धड राहोत, नजर अशीच मिश्कील राहो, आणि पुढची पुष्कळ वर्षं आपण खिडकीशी बसून आम्हाला प्रश्नांनी अडवत राहावं. चटईचं टोक मी धरते.