बुआलोयचा मुलगा भिक्खू झाला

बुआलोय आमच्या गावात चिकट भाताचे डबे विकायची. तिचा एकुलता एक मुलगा विचियन विसाव्या वर्षी पंधरा दिवसांसाठी भिक्खू होणार होता. मुलाने भिक्खूचं वस्त्र, चीवर, अंगावर घेतलं की आईला पुण्य लागतं. अडचण एकच होती. दीक्षेच्या वेळी सगळ्यांसमोर विचारतात, तुला फेफरं येतं का? हो म्हटलं तर दीक्षा मिळत नाही.

"नाही म्हण रे," बुआलोय म्हणाली. "सात वर्षांत आलंय का एकदा तरी?"

"गोळ्या घेतो म्हणून आलं नाही, आई."

"मोठा डॉक्टर लागून गेलास! तिथेही घे की गुपचूप. पंधरा दिवसांचा तर प्रश्न."

दवाखान्यातली नर्स दर खेपेला बजावायची, बरं वाटलं तरी गोळी एकाएकी बंद करायची नाही. पण विचियन सरळ स्वभावाचा. आजार नाही असं बुद्धापुढे सांगून वर गोळी कशी गिळायची, म्हणून त्याने पाकीट घरीच उशीखाली ठेवलं. चौथ्या सकाळी तळ्यावर भिक्षापात्र धुताना त्याला झटका आला आणि तो पाण्यात गेला. काढला तेव्हा जीव नव्हता.

उशीखालच्या गोळ्यांचं कळलं तेव्हा मठातले थोरले भन्ते रडवेले झाले. "माझ्या कानावर घालायचंस, बाई. दीक्षा न घेता उपासक म्हणून पांढऱ्या कपड्यांत राहिला असता इथे, गोळ्या घेत. पुण्य तेवढंच."

बुआलोयने जमिनीला कपाळ टेकलं. "भन्ते, ते खोटं त्याच्या माथी नको. मीच बोलायला लावलं."

ती उठेना, आणि तिला उठवायचा आम्हा बायकांना धीर होईना.