मावशीच्या काळ्या पट्ट्या

बालवाडीत बावीस वर्षं पियानो वाजवणाऱ्या बाईला पियानो येतो, असं सगळे धरून चालतात. मावशीही तसंच धरून चालली होती. खरी गोष्ट अशी की शाळेच्या पियानोच्या काळ्या पट्ट्या पोरांनी केव्हाच उपटून नेल्या होत्या. काहींच्या होड्या झाल्या, काही नुसत्याच चघळल्या गेल्या. उरलेल्या पांढऱ्यांवर मावशीने हात धुण्याची, डबा उघडण्याची, रांगेत उभं राहण्याची अशी पन्नासेक गाणी बसवली. डाव्या हाताने ठेका असा बडवायचा की कोपऱ्यात रडत बसलेलं पोरही पाय आपटायला लागावं, आणि उजव्या हाताने चाल. नाजूकपणा शून्य. नाजूक वाजवून चाळीस पोरांच्या कालव्यात ऐकू कुणाला जाणार?

या बडवण्यामुळेच ती वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी बँडमध्ये गेली.

बँड तिच्या भाचीचा. भाचीला घरात सगळे भोंगा म्हणतात, कारण जन्मल्यावर ती रडली तेव्हा शेजारच्या वॉर्डातली नर्स धावत आली होती. भोंगा दिवसा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते आणि उरलेल्या वेळात गाते. बँडचं नाव ‘आगाऊ’. या संगीताला पॉप-पंक म्हणतात, म्हणजे चाल गोड, वेग पिसाळलेला आणि शब्द भांडणाचे. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं ‘आरसा बघ, गाढवा’ हे तिने एका शिकाऊ चालकाला उद्देशून लिहिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी गिटारवाला लग्न करून सासरच्या धंद्यात गेला आणि बँडमध्ये भोंगा आणि ड्रम वाजवणारा प्लंबर एवढेच उरले. भोंगा थेट मावशीच्या स्वयंपाकघरात आली.

“मावशी, तू शाळेत बडवतेस तसं आमच्यात बडवशील?”

“माझं वय काय, तुमचं वय काय!”

“वय नकोय. डावा हात हवाय.”

अशी कामाची स्तुती मावशीची आजवर कुणी केली नव्हती. ती दुसऱ्याच दिवशी शाळेचा जुना कीबोर्ड कॅरिअरला बांधून प्लंबरच्या वर्कशॉपमध्ये हजर झाली. तिथे पाइपांचे भारे आणि पॅकिंगमधले कमोड यांच्यामध्ये सराव चाले. प्लंबर तसा भला माणूस, पण खोदून विचारायची सवय. गळती शोधून शोधून लागलेली.

“मावशी, सगळ्या पट्ट्यांत वाजवता येतं ना तुम्हाला? भोंगाचा आवाज काळी एकमध्ये बसतो. माझ्या मेहुणीच्या पियानोच्या आठ परीक्षा झाल्यात, म्हणून म्हटलं, अडलं तर...”

“बावीस वर्षं वाजवतेय मी,” मावशी फणकारली.

झालं. आता माघार कशी घेणार? सुदैवाने कीबोर्डवर पट्टी बदलायचं बटण होतं. ते एकदा दाबलं की बोटं पांढऱ्यांवरच नाचतात आणि आवाज मात्र काळी एकचा येतो. बटणावरच्या इवल्याशा काचेत ‘१’ असा आकडा लुकलुकायचा. तो प्लंबरला दिसू नये म्हणून मावशीने त्यावर शाळेतलं बक्षिसाचं स्टिकर लावून टाकलं, हसणाऱ्या बेडकाचं. शिवाय दर गाण्यात एकदोनदा ती काळ्या पट्ट्यांवरून नुसताच हात फिरवी, धूळ पुसल्यासारखा. प्लंबर पाठीमागे बसे, भोंगा लोकांकडे तोंड करून उभी राही. दोन वर्षं कुणाला संशय आला नाही. तिघांत सूर लावणारं दुसरं वाद्यच नव्हतं, तर चूक पकडणार कोण? मावशी सूर देणार आणि भोंगा तोच उचलणार.

तरीही मावशी या दोन वर्षांत बदलली होती, हे तिचा नवरासुद्धा मान्य करी, आणि तो घड्याळजी. कबूल करण्याआधी प्रत्येक गोष्ट भिंगातून तपासणारा. तिची कंबर दुखायची थांबली होती. ती शाळेत मुख्याध्यापकांना उलट उत्तरं देऊ लागली होती. रविवारी कुठल्याशा हॉलमध्ये शंभर पोरंपोरी तिच्या डाव्या हातावर उड्या मारत, आणि त्यातल्या एकाचंही नाक तिला पुसावं लागत नसे. हे सुख सोडायला ती तयार नव्हती.

आणि मग भोंगाचा आवाज फाटायला लागला.

‘आरसा बघ’च्या धृपदात जो वरचा सूर ती दोन वर्षं हसत हसत मारायची, तिथे एका सरावाला नुसता चिरका आवाज निघाला. पुढच्या सरावालाही तेच. तिने थंड पाणी सोडलं, आंबट सोडलं, वाफारे घेतले. घशाच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं, काही सापडलं नाही, पण एवढी फी घेऊन काहीच सांगितलं नाही तर बरं दिसत नाही, म्हणून दोन आठवडे मौन सांगितलं.

भोंगाचं मौन! घरच्यांनी डॉक्टरांना मनोमन हात जोडले. ती गळ्यात पाटी अडकवून फिरू लागली. ड्रायव्हिंग स्कूलमध्येही पाटीवर लिहूनच शिकवी. तिसऱ्या दिवशी ‘ब्रेक’ लिहून पाटी समोर धरेपर्यंत शिकाऊ बाईंची गाडी दुधाच्या टेम्पोला जाऊन टेकली. बाई म्हणाल्या, “मॅडम, तुमचं अक्षर फार सुंदर आहे हो, पण!”

मौन संपलं, सराव झाला, आवाज पुन्हा तिथेच फाटला. भोंगा एका कमोडच्या खोक्यावर बसून राहिली. मग उठली, कीबोर्डपाशी आली, स्वतः एकेक पट्टी दाबून आपला आवाज आता कुठपर्यंत नीट जातो ते पाहिलं, आणि म्हणाली, “तीन पट्ट्या खाली आलेय मी. मावशी, सगळी गाणी तीन पट्ट्या खाली बसवशील?”

“रविवारी कार्यक्रम आहे,” प्लंबर म्हणाला. “पाच दिवसांत आठ गाणी नव्या पट्टीत? मावशी, जमेल? नाहीतर मेहुणीला विचारू?”

“जमेल,” मावशी म्हणाली. “बसावं लागेल जरा घासत.”

घासत कसलं! घरी जाऊन कीबोर्ड जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि बटण तीनदा खाली दाबलं. नीट दाबलं गेलं का, हे बघायला बेडकाचा एक पाय नखाने उचलला. आत आकडा होता ‘१’.

मावशी त्या एककडे बघत राहिली. तीन खाली येऊन एक, म्हणजे आधी चार होतं. चार कधी केलं? शाळेच्या कार्यक्रमात! पोरांचे आवाज बारीक, वरच्या पट्टीतले, म्हणून तिनेच बटण तीनदा वर दाबलं होतं, आणि परत खाली आणायचं विसरली होती. दिसायला हवं होतं, तर वर बेडूक हसत बसलेला. हा कीबोर्ड बंद केला तरी शेवटचा आकडा धरून ठेवतो. महिनाभर तिने त्या पोरीला तीन पट्ट्या वर चढवून गायला लावलं होतं. घसा धडधाकट होता.

“अहो,” ती म्हणाली, आणि नवऱ्याला सगळं सांगितलं.

काकांनी डोळ्याचं भिंग काढलं. “म्हणजे आता मूळच्याच जागी आलं ना सगळं?”

“हो.”

“म्हणजे ती आता नीट गाईल.”

“हो.”

“मग गप्प बस की! तिला वाटेल, उतरलेल्या पट्टीत गातेय. तुला वाटेल, वाचले. घड्याळ चालू आहे तर झाकण कशाला उघडायचं?”

सल्ला मावशीला फार आवडला. आवडला म्हणूनच तिला स्वतःचा रागही आला, पण तो तिने भांड्यांवर काढला.

गुरुवारच्या सरावाला भोंगा गायली आणि वर्कशॉपच्या पत्र्याला कंप सुटला. वरचा सूर गोळीसारखा सुटला. प्लंबरने काठ्या हवेत फेकल्या. “मानलं मावशी! दोन दिवसांत आठ गाणी! मेहुणीलाही नसतं जमलं. मी उगाच शंका घेत होतो तुमच्यावर, माफ करा.”

दोन वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माफी मागत होता. मावशीने काळ्या पट्ट्यांवरची धूळ पुसली.

भोंगा मात्र खूश नव्हती. “गाता येतंय गं, पण तीन पट्ट्या, मावशी. सव्विसाव्या वर्षी तीन. या हिशेबाने तिशीत मी काकांच्या आवाजात गाईन.”

“काहीतरीच. आवाज असा वरखाली होतच असतो.”

“होत नसतो. मी वाचलंय.” तिने पाण्याची बाटली बंद केली. “चांगलं वाटतंय तेवढ्यात थांबावं.”

कुठे थांबावं, हे मावशीने विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, हे जास्त खरं.

रविवारी दुपारी हॉलच्या मागच्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांच्या थप्प्यांमध्ये तिघं बसले होते. कार्यक्रमाला दहा मिनिटं होती. हॉल सांभाळणाऱ्या बाई हातात वही घेऊन आत आल्या.

“मागच्या वेळी पोरं फार खूश झाली होती. दर महिन्याचा पहिला रविवार तुम्हाला देऊन टाकू का? लिहू?”

प्लंबर ‘हो’ म्हणायला तोंड उघडतो तोच भोंगा म्हणाली, “नका लिहू. आजचा शेवटचा. माझा आवाज गेलाय. ड्रायव्हिंग स्कूलवाले मला मॅनेजर करतायत, उद्यापासून खुर्चीत बसणार मी.”

हे बोलताना ती हसत होती. बालवाडीच्या बाईला असलं हसू लगेच कळतं; पोरं डबा सांडल्यावर असंच हसतात.

“आवाज गेलेला नाही,” मावशी म्हणाली.

“मावशी, समजूत काढू नकोस.”

“समजूत नाही. आवाज मी चढवला होता. बटणाने. शाळेच्या कार्यक्रमाला एकवरून चारवर नेलं आणि खाली आणायला विसरले. महिनाभर तू तीन पट्ट्या वर गात होतीस. गुरुवारी मी काही खाली बसवलं नाही. फक्त मूळच्या जागी आणलं.”

हॉलवाल्या बाईंनी वही छातीशी धरली.

“बटण?” प्लंबर म्हणाला. “बटण कशाला लागतं तुम्हाला?”

“मला काळ्या पट्ट्या येत नाहीत.”

“म्हणजे कमी येतात?”

“म्हणजे एकही येत नाही.”

“मग तो हात फिरवायचात ते?”

“धूळ.”

प्लंबर तोंड फिरवून खुर्च्यांच्या थप्पीकडे बघू लागला. त्याचे खांदे हलत होते, पण ते हसण्याने की संतापाने, हे पाठीवरून कळेना.

भोंगा उठली. “तुला कधी कळलं?”

“मंगळवारी.”

“आणि आज आहे रविवार.”

“हो.”

यानंतर भोंगा जे बोलली ते सगळं लिहिण्यासारखं नाही. सुरुवात तिने हळू केली, मग वाफाऱ्यांपाशी आली तेव्हा आवाज चढला, मौनापाशी आणखी चढला, आणि दुधाच्या टेम्पोपाशी पोचेपर्यंत खिडकीच्या काचा थरथरू लागल्या. “माझ्या घशात टॉर्च मारून घेतला मी! दोन आठवडे आईशीसुद्धा भांडले नाही! मी रडत होते आणि तू मला चहा करून देत होतीस, मावशी, चहा!” मावशी मान खाली घालून ऐकत होती. एकही शब्द खोटा नव्हता. बाहेर बसलेल्या पोरांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला, त्यांनी शिट्ट्या मारल्या.

“आवाज तर छान आहे हो,” हॉलवाल्या बाई हळूच म्हणाल्या. “लिहू ना मग?”

“लिहा!” भोंगा ओरडली. मग मावशीकडे वळली. “चारवर कर.”

“अगं, फाटेल. आत्ताच तर...”

“चारवर कर म्हणते ना! बघू दे मला.”

मावशीने सगळ्यांसमोर बेडूक उपटून काढला आणि बटण चारवर नेलं. ‘आरसा बघ, गाढवा’ त्या दिवशी एकाच व्यक्तीला उद्देशून गायलं गेलं. भोंगा लोकांकडे पाठ करून मावशीच्या तोंडासमोर उभी राहिली आणि गात सुटली. आवाज दोनदा फाटला. तिसऱ्यांदा, कसं कोण जाणे, त्या वरच्या सुराला जाऊन भिडला आणि तिथेच टिकला. मावशी भीतीने इतकं जोरात बडवत होती की कीबोर्डचा स्टँड इंच इंच पुढे सरकत होता. गाणं संपल्यावर भोंगा घोटभर पाणी प्यायली आणि तिने माइकवर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “आता एकवर आण. दमले.”

त्यानंतर नऊ दिवस ती मावशीशी बोलली नाही. फोन उचलला नाही, घरी आली नाही. मावशीने मनाची तयारी केली. मेहुणी येईल, काळ्या-पांढऱ्या सगळ्या वाजवील, आणि शाळेचा कीबोर्ड शाळेत जाईल. काका म्हणाले, “मी म्हटलं होतं, झाकण उघडू नकोस.” मावशी म्हणाली, “तुमचं ऐकलं असतं तर ती आज खुर्चीत बसली असती.” हे त्यांच्या संसारातल्या दुर्मीळ प्रसंगांपैकी एक, जेव्हा काकांनी लगेच मान डोलावली.

दहाव्या दिवशी भोंगा आली. चपला न काढता दारातच उभी राहिली.

“मेहुणीला वाजवायला लावून पाहिलं आम्ही. सगळ्या पट्ट्या येतात तिला. पण इतकं गोड वाजवते गं, की प्लंबरला जांभई आली.” मग बोट रोखून, “तुला राहायचं असेल तर काळ्या शिकायच्या. तिच्याकडे. बुधवारी पाच वाजता. आणि बटण प्लंबरने काढून टाकायचं ठरवलंय, पान्ह्याने.”

“मोडेल गं ते. शाळेचं आहे.”

“मग शाळेला सांग खरं. सवय झालीय ना आता?”

मेहुणी तेवीस वर्षांची आहे आणि फार कडक. “मनगट वर, काकू. खांदे सैल. हे कुणी शिकवलं तुम्हाला?” असं ती दर पाच मिनिटांनी विचारते. मावशीने चोवीस वर्षांत हजारभर पोरांना ‘पुन्हा एकदा’ म्हटलं असेल, ते सगळे ‘पुन्हा एकदा’ आता दर बुधवारी तिला परत मिळतायत. काळ्या पट्ट्या अरुंद असतात, उंच असतात, आणि बोट त्यांच्यावरून हमखास घसरतं, हे तिला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

चार महिने झाले. काळी एकमध्ये, बटणाशिवाय, तिला एक गाणं येतं, पण निम्म्या वेगात. सरावाला तेच आधी घेतात. प्लंबर एक ठोका मारतो, काठीने कानामागे खाजवतो, मग दुसरा मारतो. भोंगा माइक हातात धरून कमोडच्या खोक्यावर एक पाय टेकवून उभी असते.

“मावशी, पुढची ओळ आज येणार की उद्या?”

“येते गं! करंगळी अडकलीय. श्वास घे तोवर.”

भोंगा श्वास घेते आणि थांबते.