ड्रेसरभाऊ आणि झिंगीचं पोट

आलापल्लीत, आणि बहुधा साऱ्या पृथ्वीवर, जनावराच्या शेणाकडे आमच्या शेजारच्या ड्रेसरभाऊंइतक्या आदराने पाहणारा दुसरा माणूस नसेल. लोक सकाळी हवा खायला बाहेर पडतात, भाऊ शेण बघायला पडतात. सागवानातल्या रस्त्याने निघाले की दर पन्नास पावलांवर थांबणार, चष्मा कपाळावर चढवणार, खाली वाकणार आणि सोबत्याला सांगणार, "ही गाय काल नाल्याकडं चरली, मास्तर. पोट मस्त हाये बाईचं." सोबती बहुतेक वेळा मीच असतो, कारण बाकीच्यांनी फिरायची वेळ केव्हाच बदलून घेतली आहे. भाऊंचं खरं नाव फक्त टपालात येतं. ते जन्मभर जनावरांच्या सरकारी दवाखान्यात व्रणोपचारक होते, म्हणजे जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, औषध पाजणे ही कामं करणारे. तो शब्द काही कुणाच्या जिभेला वळला नाही, म्हणून ते ड्रेसर झाले आणि निवृत्तीनंतर त्याला भाऊ जोडला गेला.

माणसांची विचारपूसही ते त्याच वाटेने करतात. "जयभीम मास्तर, पोट कसं हाये?" हा त्यांचा नमस्कार. माझे सासरे पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आले तेव्हा व्हरांड्यात इस्त्रीच्या लेंग्यात बसले होते. भाऊ कुंपणापाशी आले, ओळख करून घेतली आणि दुसऱ्याच वाक्यात विचारलं, "पातळ होते का घट्ट?" सासरे संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मात्र तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते घरात सापडेनात, म्हणून शोधायला गेलो तर भाऊंच्या ओट्यावर बसून गेल्या वीस वर्षांचा तपशील देत होते. मला जावई म्हणून जे कधी जमलं नाही, ते भाऊंनी एका प्रश्नात साधलं होतं.

जनावरांशी भाऊ अहो-जाहो करतात आणि त्यांच्या मालकांशी अरे-तुरे. कुणी शेळी घेऊन आलं की शेळीला म्हणणार, "या बाई, बसा, घाबरू नका," आणि मालकाला, "ए, सोड तो दोर, तुझी मान हाये का ते?" त्यातून जन्म सगळा बैल-म्हशींत गेलेला, त्यामुळे मापही त्यांना तेवढंच ठाऊक. मला एकदा ताप आला तेव्हा त्यांनी काढा करून आणला तो बादलीत. "एवढा?" मी विचारलं. "अर्धीच हाये," ते म्हणाले. माझा अपमान करायचा नाही म्हणून त्यांनी मापात ती सूट दिली असावी.

अशा माणसाच्या शेजारी राहून मी मांजर आजारी पाडलं, यावरून माझ्या अकलेची कल्पना यावी.

झिंगी ही माझ्या बायकोची मांजर. तलावातले वाळवलेले झिंगे हेच तिचं अन्न आणि तेच तिचं नाव. बायको इथल्या आरोग्य केंद्रात सिस्टर आहे. ती दहा दिवसांच्या ट्रेनिंगला चंद्रपूरला गेली तेव्हा घर, गॅस आणि झिंगी माझ्या हवाली करून गेली. "मी येईन तेव्हा ही अशीच पाहिजे मले," एवढं एकच वाक्य ती एसटीच्या खिडकीतून बोलली. ते झिंगीबद्दल होतं हे मला लगेच कळलं, कारण मी कसा पाहिजे हे तिने कधीच सांगितलेलं नाही.

तिसऱ्याच दिवशी एका बोक्याने झिंगीच्या मागच्या पायाला चावा घेतला आणि तिथे पू झाला. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी जखम साफ केली आणि सात दिवसांचं ॲन्टिबायोटिक दिलं, सकाळ-संध्याकाळ, सुई नसलेल्या सिरिंजने पाजायचं. त्यांनी बजावलं, "मधेच सोडायचं नाही. खाण्यासोबत द्या. आणि दूध अजिबात नको." बायकोला फोनवर मी सांगितलं की बारीकशी जखम आहे आणि मी सगळं बघतो आहे. यातलं पहिलं अर्धं खरं होतं.

नववीच्या चाळीस पोरांना नुसत्या भुवईने गप्प बसवणारा मी अडीच किलोच्या जनावरापुढे हरलो. मी तिला टॉवेलात गुंडाळायचो आणि शेवटी टॉवेलात मी असायचो. औषध निम्मं तिच्या पोटात, निम्मं माझ्या बनियनवर जायचं. त्यानंतर ती कपाटावर चढून माझ्याकडे असं पाहायची की मला माझी सगळी पापं आठवायची. मग मी हळूच बशीभर दूध ठेवायचो. ती खाली यायची, प्यायची आणि मला माफ करायची. डॉक्टर मॅडमना दूध नको म्हणायला काय जातं, त्यांना काही तिच्यासोबत राहायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून झिंगीला जुलाब लागले. पहिला झाला तो नववीच्या भूगोलाच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांवर, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर काही उत्तरांना तो शेरा योग्यच होता. पण दिवसभरात पाच-सहा वेळा झाले तेव्हा मी घाबरलो आणि माझ्या बुद्धीप्रमाणे निर्णय घेतला की औषधच बंद करायचं. बाटली फडताळात ठेवत होतो एवढ्यात दारात भाऊ उभे. हातात बैलाला औषध पाजायची बांबूची नळी. ती झिंगीपेक्षा लांब होती.

"औषध काऊन आत ठेवून राह्यले, मास्तर?"

"त्यानेच बिघडलं ना पोट, भाऊ."

"मंग? अर्ध्यात सोडलं त जखम वरून बुजते अन् आतून सडते. बैल मेले हायेत असे." त्यांनी मला मॅडमना फोन लावायला लावला. पलीकडून मॅडमचा आवाज येताच भाऊ ताठ उभे राहिले. डॉक्टर बोलताना बसायचं नाही, ही त्यांची नोकरीतली सवय. मी बसलो होतो, तर मलाही दंडाला धरून उभं केलं. मॅडम म्हणाल्या की या औषधाने कधीकधी असं होतं, डोस चालूच ठेवा, उकडलेलं कोंबडीचं मांस मीठ-मसाल्याशिवाय थोडं थोडं द्या, पोटासाठी दवाखान्यातून पावडर घेऊन जा, ती औषधानंतर दोन तासांनी द्या, पाणी भरपूर पाजा, आणि रक्त दिसलं, उलटी झाली किंवा खाणं सुटलं तर लगेच घेऊन या. "जी मॅडम," भाऊ फोनला म्हणाले आणि नळी परत घरी ठेवून आले.

दोन दिवस आम्ही सगळं तसंच केलं. डोसही आता भाऊच पाजायचे. "तोंड उघडा बाई," म्हणायचे आणि ती उघडायची, याचं मला आजही दुःख आहे. तरी जुलाब थांबेनात. बायकोचा रोज फोन यायचा, "झिंगी दाखवा ना व्हिडिओत." मी म्हणायचो नेटवर्क नाही. आलापल्लीत राहण्याचा एवढा फायदा मला आधी कधी झाला नव्हता. झिंगीच्या पाठीचे मणके मात्र हाताला लागू लागले होते.

तेव्हा भाऊंनी खरा तपास सुरू केला. झिंगीच्या राखेच्या टोपल्यापाशी ते उकिडवे बसले, काडीने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "इच्या पोटात आपल्या घरचंच नाई हाये फक्त. ही आंबिलीची कणी. हे झिंग्याचं टरफल."

आमच्या घरांच्या लाइनीत एक रीत आहे. कुणी आजारी पडलं की प्रत्येक घरून त्याच्यासाठी पथ्याचं काहीतरी येतं, आणि ते खाल्लं नाही तर देणाऱ्याला वाईट वाटतं. ही रीत मांजरालाही लागू झाली होती एवढंच. भाऊ मला घेऊन घरोघर निघाले. वनरक्षकाची बायको म्हणाली, "मीच देल्ली आंबील. थंडी असते ना बाप्पा पोटाले! किती वाळून गेली बिचारी." समोरच्यांनी दही-भात दिला होता. मागच्या घरच्या आजींनी अशक्तपणा आला म्हणून मूठभर झिंगे चारले होते. भाऊ प्रत्येकाला प्रेमाने रागावत होते आणि मी त्यांच्यामागे उभा राहून, लोक किती अडाणी असतात बघा, अशी मान हलवत होतो.

शेवटी भाऊ आमच्या दाराशी थांबले. "बाकीच्यायचं समजलं, मास्तर. पण हे जे फेसाळ होऊन राह्यलं, ते दुधाचं हाये. तिन्ही घरी इचारलं. दूध कोनी देत नाई."

मी म्हणालो, बोका देत असेल. हे वाक्य बोलून झाल्यावर मला त्यातली चूक कळली. माणसांवर आयुष्यभर खेकसणारा तो माणूस त्या दिवशी माझ्यावर खेकसला असता तर बरं झालं असतं. ते नुसते आत गेले आणि सिंकवर पालथी घातलेली दुधाची बशी सरळ करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी झिंगीने खाणं सोडलं. डोसासोबतचं मांस तसंच राहिलं, ती कपाटावर चढली नाही, माझ्याकडे रागाने पाहिलंही नाही. तिचा राग मला इतका हवासा वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. मी सरळ रडायला लागलो. भाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, तिला त्यात घेतलं आणि म्हणाले, "गाडी काढा." मागे बसून सगळ्या रस्त्याने ते तिच्याशी बोलत होते. "आलोच बाई, हे वळण झालं की दवाखाना." मॅडमनी कातडीखाली सलाइन दिलं, मळमळ थांबायचं इंजेक्शन दिलं आणि डोस तसाच पुढे चालवायला सांगितला. मी सगळ्यांसमोर दुधाचं कबूल केलं. मॅडम हसल्या, भाऊ हसले नाहीत.

त्यानंतर भाऊ आमच्या व्हरांड्यात खुर्ची टाकूनच बसले. आंबिलीची वाटी आली की परत पाठवत, मी स्वयंपाकघरात गेलो की मान लांब करून बघत. तासातासाने ते तिला बोटाने पाणी चाटवायचे. बादलीचं माप सोडून थेंबावर आलेला तो माणूस बघून मला त्यांचे हात केवढे आहेत ते पहिल्यांदा दिसलं. संध्याकाळी तिने मांसाचे दोन तुकडे खाल्ले, दुसऱ्या दिवशी चार. आणि कोर्सच्या शेवटच्या सकाळी भाऊंनी अंगणातून अशी हाक मारली की सगळी लाइन बाहेर आली.

"मास्तर! घट्ट!"

टोपल्याभोवती आम्ही सगळे वाकून उभे राहिलो. वनरक्षकाची बायको पदराने डोळे पुसत होती. जखमेचा खड्डाही भरून आला होता. लोक पांगले तरी भाऊ तिथेच उकिडवे होते. मी म्हणालो, "भाऊ, तुम्ही तर अशी हजारो जनावरं बरी केली असतील."

"काय मालूम," ते म्हणाले. "दूरदूरच्या गावायतून बैलबंडीत घालून आणत. मी पट्टी बांधो, ते घेऊन जात. मेलं त कधी कोनी येऊन शिव्या द्यायचं. बरं झालं त कोन कायले येते, मास्तर, एवढ्या लांबून सांगायले? बरं झालेलं मी हे पहिलंच पाहून राह्यलो." मग काडी बाजूला टाकून त्यांनी हात झटकले आणि झिंगीला म्हणाले, "चला बाई, येतो."

दुपारच्या एसटीने बायको आली. तिने झिंगीला उचललं, वजन पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिला जे कळायचं ते कळलं. मी काही तिच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही.

आता मी एक करतो. घरात, शाळेत, लाइनीत कुणीही बरं झालं की कुंपण ओलांडून भाऊंकडे जाऊन सांगतो. आजींच्या गुडघ्याची सूज उतरली, सांगितलं. वनरक्षकाची शेळी उठून चालली, सांगितलं. गेल्या आठवड्यात तर माझी साधी सर्दी गेली तेवढंच सांगायला गेलो. भाऊंना हल्ली अंधार पडला की कमी दिसतं, ते खाटेवर पडूनच होते. माझा आवाज ऐकून उठून बसले.

"गेली? खरंच? कवापासून?" आणि मला शेजारी बसवून घेत म्हणाले, "पह्यल्यापासून सांगा, मास्तर. घाई नाई हाये."