आम्ही सोडलेला सकर

लेक सातवीत असताना रोल्लाच्या बाजारातल्या एका दुकानातून आम्ही सकर मासा आणला. बोटाएवढा, काळसर, अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या कडक पट्ट्या. दुकानदार म्हणाला, "मॅडम, काच साफ रखेगा, और कुछ नहीं माँगेगा."

शारजाच्या आमच्या हॉलमधल्या दोन फुटी टाकीत तो काचेला तोंड चिकटवून राहायचा. चार वर्षांत माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत लांब झाला. वळायला गेला की शेपूट काचेवर आपटायचं. शाळेच्या प्रोजेक्टसाठी लेकीने त्याची माहिती काढली आणि जेवताना आम्हाला ऐकवली. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या संथ, गढूळ नद्यांमधला. नर काठाच्या मऊ मातीत बीळ खणतो आणि आत अंडी राखतो. नदी आटली तर त्याच ओल्या बिळात, हवेचे घोट घेत हे मासे दिवस काढतात.

"मम्मा, ही नीड्स मड. ही नीड्स अ रिव्हर."

"मलाही मोठा फ्लॅट हवाय," मी म्हटलं. ती हसली नाही.

मोठी टाकी मागितली की नवऱ्याचं उत्तर ठरलेलं, "दोन वर्षांत परत जायचंय, कशाला पसारा?" फुजैराच्या तेलाच्या टर्मिनलवर नोकरीला लागल्यापासून तो हेच सांगत होता. आठवडाभर तो तिकडे, शनिवार-रविवार घरी. टाकीचं पाणी बदलणं माझ्याकडे.

पुढे लेक पुण्याला कॉलेजला गेली. निघताना म्हणाली, "त्याला नीट ठेवशील, प्रॉमिस?" मी प्रॉमिस केलं.

फेब्रुवारीत फिल्टर बंद पडला. हॉलभर कुबट वास. दुकानदाराला विचारलं, तर एवढा मोठा मासा फुकटही नको म्हणाला. नवरा म्हणाला, "खलास. वादीत सोडू." इथे डोंगरातल्या ओढ्याला वादी म्हणतात, फुजैराच्या वाटेवर अशा एका वादीत पावसाचं पाणी साचलेला डोह त्याने पाहिला होता. पाळलेले मासे बाहेरच्या पाण्यात सोडू नयेत, तिथल्या माशांचा घात होतो, हे लेकीने त्याच प्रोजेक्टच्या वेळी सांगितलं होतं. मला आठवत होतं. तरी बादली मांडीवर घेऊन मी गाडीत बसले.

डोह नितळ होता. पाय बुडवले तर बारीक मासे बोटांना लुचू लागले. आमचा सकर तळाशी गेला आणि दगडाआड शिरला. "बघ, खूश झाला," नवरा म्हणाला. घरी येऊन मी लेकीला मेसेज केला, "एका ओळखीच्यांकडे मोठी टाकी आहे, त्यांना दिला." तिने बदामांची रांग पाठवली.

जूनमध्ये ती सुट्टीला आली. दुसऱ्याच दिवशी जेवताना म्हणाली, "त्यांना फोन कर ना, मला त्याला बघायचंय." मी काही जुळवायच्या आत नवरा भात कालवत बोलून गेला, "कोणाला फोन? वादीत सोडला की त्याला."

तिने ताटावरून हात उचलला. "टेक मी देअर."

सकाळी गेलो. डोहाचं परातीएवढं डबकं उरलं होतं. आमचा सकर वरच्या गोट्यांवर पडला होता. मांस गेलं होतं, पट्ट्या जागच्या जागी. लेक उकिडवी बसली आणि त्याच्या शेजारचे गोटे उचलून पाहू लागली. खाली पुन्हा गोटेच. खणायला चमचाभर चिखल नव्हता.

"अगं, एक मासाच तर होता," नवरा म्हणाला.

"बाबा, प्लीज." मग ती माझ्याकडे वळली. एरवी चिडली की इंग्रजीत बोलणारी मुलगी मराठीत म्हणाली, "तू मला खोटं सांगितलंस."

मी म्हटलं, "तुला वाईट वाटू नये म्हणून." हेही धड खरं नव्हतं. मला त्या टाकीचा कंटाळा आला होता.

परतताना ती मागच्या सीटवर डोळे मिटून बसली. सुट्टी संपायच्या आठवडाभर आधीच तिने तिकीट बदलून घेतलं.

आता ती पुण्यात नोकरी करते. रविवारी फोन करते, जेवलात का विचारते. मी काहीही सांगितलं की म्हणते, "खरंच?" गेल्या महिन्यात माझी बायोप्सी झाली. रिपोर्ट चांगला आला, खरोखरच चांगला. मी तिला तसं सांगितलं.

ती म्हणाली, "बाबांना फोन दे."