पंचफुलाची उघडी कार्डं

सोनपेठपासून दोन कोसांवरच्या त्या गावात बुद्धविहार म्हणजे पत्र्याची एक खोली, आणि वाचनालय म्हणजे त्या खोलीतलं लोखंडी कपाट. किल्ली पंचफुलाच्या कमरेला. आठवडाभर ती बालवाडी चालवी, रविवारी वंदना झाली की कपाट उघडी.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा वस्तीतली चार घरं जळाली. नंतर माणसं पांगली. कोणी परभणीला गेलं, कोणी येलदरीच्या धरणावर. सभासदांच्या वहीत नावं एकतीस होती. कपाटासमोर बसणारी नऊ. शेजारच्या कुसुमच्या नावापुढं तर अठ्ठ्याहत्तरला नेलेलं एक पुस्तक अजून तसंच लिहिलेलं होतं. तिचं घर जळालं होतं. पुस्तकाचं काय झालं, हे पंचफुलानं कधी विचारलं नाही.

सत्त्याऐंशीच्या भीमजयंतीपासून तिनं सगळ्यांना दरमहा पोस्टकार्ड लिहायला घेतलं. वाचनालयाचे अध्यक्ष दत्तराव गुरुजी हसले.

"येणारा येतोच, पंचफुला. न येणाऱ्याच्या मागं कार्ड घेऊन पळायलीस, समन्स बजावायचंय का?"

"इसरले तर, गुरुजी?"

"इसरणं बी ज्याच्या त्याच्या मर्जीचं हाय."

तिनं ऐकलं नाही. कार्डाच्या माथ्यावर ठळक 'जयभीम', खाली वाचनालयाचं नाव, मग आलेली पुस्तकं, कोण दहावी झालं, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं. येलदरीहून उत्तर आलं, तिथं ते कार्ड दहा जणांनी वाचलं होतं. सुटीला गावी आलेली पोरं विहारात डोकावू लागली. रविवारची माणसं चौदा झाली. पंचफुला आपल्या अक्षरावर खूश होती.

दिवाळीनंतर एका दुपारी कुसुम परभणीच्या एस.टी.तून उतरली आणि थेट बालवाडीच्या दारात उभी राहिली.

"जयभीम, कुसुम! ये की."

"हळू बोलणं तुला जमतच न्हाई, न्हाई का?"

पोरांचे पाढे थांबले. कुसुम उंबऱ्यावरच टेकली.

"पंचे, तुह्या कार्डानं माझी खोली गेली."

परभणीत खोली घेताना कुसुमनं जात सांगितली नव्हती. कुणी विचारलं नव्हतं. विचारावं असं तिचं राहणं-बोलणंही नव्हतं. पोस्टमननं कार्ड ओसरीवर टाकलं, ते घरमालकिणीनं उचललं.

"पयल्या शब्दावरच थांबली ती. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं तिथपर्यंत गेलीच न्हाई. सकाळी म्हणली, पुतण्या येणार हाय, खोली पायजे. दोन वर्षं तिच्याच नळावर पाणी भरलं मी."

पंचफुलानं पोरांना बाहेर खेळायला धाडलं.

"पत्ता कुणी देला?"

"तुह्या भावानं. बाजारात भेटला व्हता."

"अन् मला कुणी इचारलं?"

पंचफुलानं चहा केला. कुसुम चहा प्याली आणि चारच्या गाडीनं गेली. विहाराकडं तिनं पाहिलं नाही.

"बंद कर आता," गुरुजी म्हणाले.

त्या रात्री नाही, पण पुढच्या रविवारी पंचफुलानं माथ्यावरचा शब्द गाळून एक कार्ड लिहून पाहिलं. आपलंच अक्षर तिला परकं वाटलं. कार्ड फाडून तिनं चुलीत घातलं. दोन महिने कुणालाच काही गेलं नाही.

मग ती विचारत सुटली. बाजारात, लग्नांत, कुणाच्या आईमार्फत, कुणाच्या मेव्हण्यामार्फत एकच प्रश्न: उघडं कार्ड चालेल, बंद पाकीट पाठवू, का काहीच नको? वहीत उघड्याला पोकळ गोल, बंदाला भरलेला, नको त्याला फुली. अठरा गोल पोकळ निघाले, सात भरलेले. भरलेल्यांत दोन मास्तर आणि एक तलाठी होता. "मतदान घेतलंस की गं," गुरुजी म्हणाले, आणि स्वतःच्या नावापुढं त्यांनी पोकळ गोल काढला. ते रोज विहारातच बसत.

फुल्या सहा. त्यातली कुसुमची पंचफुलानं स्वतःच मारली होती. तिला परत विचारायला जाण्याचा धीर झाला नाही. दर महिन्याला वही उघडली की ती फुली ओलांडून तिचं बोट पुढच्या नावावर जाई. सहा वर्षं गेली.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. मार्चमध्ये परभणीहून एक कार्ड आलं, उघडं. माथ्यावर 'जयभीम', तेही इतकं मोठं की मजकुराला जागा कमी पडली होती.

'घर बांधलं. दारावर नावाची पाटी लावली. पत्ता खाली दिलाय. सगळ्यांना विचारलंस म्हणं, मलाच काहून न्हाई? कार्ड पाठवत जा. उघडंच पाठव.'

पंचफुलानं फुली खोडली नाही. तिच्या शेजारी पोकळ गोल काढला.

मग कार्ड घेतलं. दोन नवी पुस्तकं आली, गुरुजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, बालवाडीला पत्रे मिळाले. तळाशी एक ओळ उरली होती.

'तुह्या नावावर एक पुस्तक हाय,' तिनं लिहिलं. 'असलं तर घेऊन ये. नसलं तर तशीच ये.'