अक्का आणि विहिरीचा कर्व्ह

आज सकाळी सुनंदा अक्का गेल्या.

अक्का माझ्या मोठ्या नणंद. दीपनगरला ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायच्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी लग्न होऊन शिंदखेड्याजवळ सासरी आले, तेव्हा सासरे आबा आणि चुलत सासरे नाना एकमेकांशी बोलत नव्हते. कारण सामाईक विहीर.

सकाळी आबांची मोटर चालायची. मग आतल्या पायरीपर्यंत विहीर भरली की नानांची. तोवर लाईट जायची. नानांचा कांदा वाळत होता.

आबा म्हणायचे, "अर्ध्या विहिरीत मोटर लावली की गाळ येतो."

अक्का सुट्टीला आल्या आणि विचारलं, "पण विहीर भरते कशी? एकसारखी?"

कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबांची मोटर बंद झाल्यावर आम्ही दोघी काठावर बसलो. मी वजन बांधलेला दोर सोडायचे, अक्का घड्याळ बघून आकडे लिहायच्या.

नाना हसले. "पानी मोजीसन काय व्हई, बाई?"

"तेच बघायचंय, नाना."

पुढच्या रविवारी अक्का परत आल्या, वैतागलेल्या.

"स्प्रेडशीटमध्ये पाण्याची उंची टाकली. एक्स्पोनेन्शियल कर्व्ह, म्हणजे ठरावीक पटीने बदलत जाणारी वक्ररेषा, काही केल्या बसेना. मग सुचलं, पाणी किती चढलं ते नकोच. पायरीपर्यंत भरायचं किती राहिलं, ते टाकलं."

"मग?"

"सगळे ठिपके बरोबर त्या रेषेवर!"

मला कळलं नाही. त्यांनी सोपं करून सांगितलं. विहीर रिकामी असते तेव्हा झरे जोरात. भरत आली की मंद. शेवटच्या हातभर पाण्यासाठीच अर्धा दिवस जातो.

आबांना पटेना.

अक्कांनी दोराला लाल चिंधी बांधली. "जेवणाच्या वेळेला पाणी इथे असेल. गाळाच्या बरंच वर. नानांनी पायरीची वाट बघायला नको."

आबा, नाना, आम्ही, सगळे जेवणाच्या वेळेला विहिरीवर. पाणी चिंधीला टेकलं होतं.

नाना वाकून बराच वेळ बघत राहिले. "हाई खरं शे."

 आबा नानांकडे बघून म्हणाले, "लाव मोटर."

कित्येक महिन्यांनी ते भावाशी बोलले होते.

अक्का मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पावसाळ्यानंतर पुन्हा दोर घेऊन हजर.

"आता झरे वाढले असतील. कर्व्ह बदलला का बघू."

बदलला होता. केवढ्या खूश झाल्या.

आज त्यांना पोचवायला आबांची आणि नानांची मुलं एकाच गाडीतून दीपनगरला गेली.

अक्का, तुम्हाला शेवटचा नमस्कार.